आठव्या दिवशी कोरल टाकू नका, आणि मालवणहून तर मुळीच आणू नका

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आलाय. त्यात म्हटलंय की सॉल्टवॉटर टँक, म्हणजे घरातला खाऱ्या पाण्याचा फिशटँक, लोक उगाच अवघड करून सांगतात, समुद्राचं पाणी भरा, बाटलीतले बॅक्टेरिया ओता, आठव्या दिवशी कोरल (प्रवाळ) टाका, कोरल झाडासारखंच असतं आणि तेच पाणी साफ ठेवतं, कुठलाही निळा एलईडी चालतो, आणि दुकानातलं महाग वाटलं तर मालवणला गेलात की खडकावरचा तुकडा घेऊन या. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे वाचून पैसे घालवणारी नवी मुलं मी बघतोय. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये 150 लिटरचा टँक मी काही वर्षं सांभाळतोय, त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

आधी ते आठ दिवस. बाटलीतले बॅक्टेरिया खोटे नाहीत, चांगल्या बाटलीने सायकल, म्हणजे टँकमधला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार होण्याची प्रक्रिया, लवकर सुरू होते हे मान्य. पण अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया खडकावर आणि वाळूत नीट बसायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर असल्यामुळे तिथे थोडासा अमोनियाही गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. बरं, टेस्टमध्ये अमोनिया शून्य आला म्हणजे टँक कोरलसाठी तयार झाला असंही नाही, कारण त्यानंतर काचेवर डायटम नावाचं तपकिरी सूक्ष्म शैवाल येतं, मग हिरवं केसाळ शेवाळ येतं, आणि या काळात सगळेच आकडे वरखाली होत असतात. कोरलला आकडा परफेक्ट नसला तरी चालतो, पण आज एक उद्या दुसरा असं चालत नाही. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, 8 असो की 9 डीकेएच, ती तिथेच राहिली पाहिजे. म्हणून मी दोन-तीन महिने थांबा म्हणतो.

मी थांबलो नव्हतो. तिसऱ्याच आठवड्यात एक मशरूम कोरल आणि आठ तोंडांच्या झोआचा (हे दोन्ही मऊ, बिनसांगाड्याचे कोरलसारखे प्राणी) फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा, आणला. दुकानदाराने सांगितलं की पाणी कमी झालं की मिठाचंच पाणी घाला, मी महिनाभर तेच केलं. आता वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. झोआ मुठी आवळल्यासारखे बंद झाले ते अकरा दिवस उघडलेच नाहीत, आणि मशरूम एका सकाळी खडकावर नव्हता, शोधला तर पावरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीला चिकटलेला, अर्धा विरघळून गेलेला, हातात घेतला तर शेंबडासारखा लिबलिबीत. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आणून बघितलं तर खारटपणा हजारी 35 च्या जागी 39. टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, नेहमी साध्या आरओ-डीआयच्या (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याने करायचा, नळाच्या पाण्याने नाही, त्यात क्लोरीन असतं आणि कधी पाइपमधलं तांबंही येतं.

मेसेजमधला समुद्राचं पाणी भरायचा सल्लाही चुकीचाच. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी येतं, पावसाळ्यात खारटपणा उतरतो. चांगलं रीफ सॉल्ट (कोरल टँकसाठी मिळणारं मीठ) आणि आरओ-डीआय, एवढंच नवख्याने धरावं.

आता कोरल झाडासारखं असतं आणि पाणी साफ ठेवतं, हा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. कोरल प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि कोरलचं बरंचसं पोट त्यावर भरतं, म्हणून ते झाडासारखं वाटतं एवढंच. ते नायट्रेट थोडं घेतं, पण फिल्टरचं काम करत नाही, आणि मेलं तर सडून पाणी बिघडवतं ते वेगळंच. याच समजुतीतून लोक नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेतात, मग कोरल फिकं पडतं, उपाशी राहतं, आणि रिकाम्या जागेत डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात, ते तपकिरी, बुडबुडेवाले, शेंबडे धागे, एकदा आले की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाहीत. नायट्रेट 5 पीपीएमच्या आसपास असू द्या, घाबरू नका.

निळ्या एलईडीबद्दल एवढंच की डोळ्याला निळं दिसणं आणि कोरलला पुरेसा उजेड मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आपल्याकडे लाइटपेक्षा मोठा प्रश्न उन्हाळ्याचा आहे, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. मे महिन्यात माझा टँक 31 डिग्रीला जायचा, पाहिजे 25-26. एवढ्या उष्णतेत कोरल अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पंखा लावला तर दोन-तीन डिग्री उतरते, पण पाणी दुप्पट उडतं, मग टॉप-अप रोज. त्यामुळे बजेट करताना चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) आधी धरा, कोरल नंतर.

सुरुवात झोआ, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप या मऊ कोरलने करा, स्टार पॉलिप वेगळ्या खडकावर ठेवा नाहीतर सगळं व्यापून टाकतो. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, हे फार जबरदस्त विष आहे, आणि झोआ असलेला खडक कधीही उकळू नका, वाफेतून घरातल्यांना त्रास होतो.

शेवटी मालवण. हा मुद्दा वाचून मला खरा राग आला. दगडी कोरल, सी फॅन, ब्लॅक कोरल हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद. 'मेलेला तुकडा चालतो' असंही मेसेजमध्ये लिहिलंय, तेही खोटं, मेलेला तुकडाही त्याच कायद्यात येतो. वर मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनच आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, गोल दगडासारखी वाढणारी कोरलं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तळहाताएवढा तुकडा तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलात तर दहा-पंधरा वर्षं एका मिनिटात गेली, आणि तो तुमच्या आठ दिवसांच्या टँकमध्ये पंधरवडाही काढणार नाही. दुकानातून घेतानाही बिल आणि आयातीचे कागद मागा, दाखवत नसतील तर घेऊ नका.

आता गणपतीला बरेच जण कोकणात जातील. हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर खाली निदान मालवणचं तेवढं खोटं आहे म्हणून लिहा, बाकीचं मी समजावतो.