ओवाळणी

२०१२ च्या दिवाळी पाडव्याला बायकोने ओवाळलं, मी तबकात शंभर डॉलरची नोट टाकली आणि चहाचा कप घेऊन बातम्या उघडल्या. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक ओबामांकडून नुकतेच हरलेले रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी पराभवाची कारणं सांगत होते. देणगीदारांशी फोनवर बोलताना ते म्हणाले, ओबामांनी काळ्या, हिस्पॅनिक आणि तरुण मतदारांना भेटी वाटल्या. भेटी म्हणजे शिक्षणकर्जाच्या व्याजात सवलत, आरोग्यविमा वगैरे. बायकोने मागून वाचलं. "ह्यांनाच मत दिलंस ना तू?"

दिलं. २००८ मध्ये मॅकेन यांनाही दिलं होतं. ओहायोत माझा गाड्यांचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना आहे, एकतीस कामगारांचा. देशाचं कर्ज सप्टेंबरात १६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं, त्याची मला खरोखर धास्ती वाटते. ओबामांच्या नव्या आरोग्य कायद्यानुसार तेव्हा ठरलं होतं की २०१४ पासून पन्नास पूर्णवेळ कामगार झाले की मालकाला विमा द्यावा लागेल, नाहीतर दंड. मग एकोणपन्नासावरच थांबायचं का, हा प्रश्न मला पडला होता. मराठी मंडळात हे बोललो की लोक समोरची चकली एकदम मन लावून खायला लागतात. असो.

६ नोव्हेंबरच्या रात्री मी आमच्या बाजूची फॉक्स न्यूज वाहिनी लावून बसलो होतो. महिनाभर आमच्या बाजूचे लोक सांगत होते की मतचाचण्या झुकवलेल्या आहेत, त्यांत डेमोक्रॅट जास्त धरलेत. मला ते पटलं होतं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. सव्वाअकराच्या सुमारास त्याच वाहिनीने ओहायो ओबामांच्या पारड्यात टाकलं आणि स्टुडिओत बसलेले बुश यांचे जुने निवडणूक सल्लागार कार्ल रोव्ह ते मानायलाच तयार होईनात. शेवटी निवेदिका मेगिन केली उठल्या आणि कॅमेरा मागोमाग घेऊन आकडेवाल्यांच्या खोलीत गेल्या. तुम्हाला खात्री आहे का, असं विचारलं. त्यांना खात्री होती. राज्यागणिक मिळणारी इलेक्टोरल मतं अखेर ३३२ विरुद्ध २०६ झाली. रॉम्नी एक वाजायच्या सुमाराला बॉस्टनमध्ये बोलले तेव्हा मी अंधारात बसून गार पडलेला उपमा खात होतो.

असा अंधार मी आधी ऐकलेला आहे, फोनवरून. १३ मे २००४ ला पुण्यात बाबा टीव्हीसमोर बसून होते. जनसंघाच्या पणतीपासूनचा माणूस, आणि 'इंडिया शायनिंग'वर त्यांचा पूर्ण विश्वास. भाजप १३८ वर अडकला, पुण्यातूनही कलमाडी आले. "लोकांना कळत नाही," एवढंच म्हणाले. २००९ ला ११६ झाले, तेव्हा मात्र कारण तयार होतं: कर्जमाफी, रोजगार हमी. "फुकट वाटलं की निवडून येतात." तेव्हा मीही इकडून हो म्हटलं होतं. शेतकऱ्याने मत विकलं आणि आपण विचार करून दिलं, असं आम्हा दोघांना खरंच वाटत होतं.

आता रॉम्नींचं वाक्य वाचताना बाबांचाच आवाज ऐकू आला आणि मला हसू आलं नाही.

कारण ओवाळणी माझ्याही तबकात पडलेली आहे. २००८ च्या शेवटी जनरल मोटर्स आणि क्रायसलर बुडायला आल्या. पहिली मदत बुश यांनी दिली, हे आमचे लोक सोयीस्कर विसरतात, आणि पुढचा मोठा भार ओबामांनी उचलला. फोर्डने पैसे घेतले नाहीत, तरी त्यांचे प्रमुख ॲलन मुलॅली या मदतीच्या बाजूने अमेरिकी संसदेपुढे बोलले, कारण सगळ्यांना भाग पुरवणारे आम्ही तेच ते. दोन कंपन्या गेल्या असत्या तर आम्ही गेलो असतो आणि आमच्यामागून फोर्ड. सरकारने कारखाने वाचवू नयेत असं मी त्या काळात चारचौघांत म्हणत होतो आणि रात्री बिलं कधी वटतील याचा हिशोब करत होतो.

भावाचा भाऊबिजेला फोन आला. तो पुण्यात दुकान चालवतो, पक्का भाजपवाला. किराणा क्षेत्रात परकीय गुंतवणुकीला मंजुरी मिळाली म्हणून २० सप्टेंबरच्या बंदला त्याने शटर खाली ओढलं होतं. मी बाजारपेठेचं तत्त्व सांगायला लागलो तर म्हणाला, "वॉलमार्ट तुझ्या दारात आहे ना? मग तुझ्या गावातली वाणसामानाची दुकानं मोजून सांग." एकही नाही. आम्ही दोघे उजवे, पण त्याचा उजवा हात आणि माझा उजवा हात एकाच बाजूला नाहीत.

लुइझियानाचे तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनी रॉम्नींचं बोलणं ताबडतोब आणि साफ झिडकारलं, ते बरं वाटलं. ते भारतीय वंशाचे आहेत म्हणून नव्हे (ते स्वतःही तसं फारसं मिरवत नाहीत), तर पराभवानंतर मतदारालाच दोष देऊ नये हे आमच्यातल्या कुणीतरी बोललं म्हणून. २०१४ च्या इथल्या निवडणुकीत मी बहुधा पुन्हा रिपब्लिकनच. कर्जाची धास्ती गेलेली नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेथवरचा एक जुना कामगार म्हणाला, "सॉरी, बॉस." चेष्टा नव्हती, त्याने माझ्या अंगणातली रॉम्नींची पाटी पाहिली होती. तू कुणाला दिलंस, असं मी विचारायला नको होतं, पण विचारलं. तो हात पुसत म्हणाला, "२००९ ला तुम्ही आम्हाला आठवड्यात तीनच दिवस बोलवत होता, आठवतंय?"

आठवतंय. पाटी अजून गॅरेजमध्ये आहे, बर्फाच्या फावड्यामागे.