किल्ली कोणत्या स्थितीत आहे?

अत्यावश्यक यंत्रणांमध्ये टीपीएम चिप (संगणकाच्या सांकेतिक किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना केवळ वैध स्वाक्षरीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सक्तीचे करावेत, हे एका लेखातील प्रतिपादन मला मान्य आहे. मात्र हार्डवेअरमध्ये सोय असणे आणि ती प्रत्यक्ष वापरात असणे यांतील अंतराचा विचार लेखात आलेला नाही. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पावर झालेला ट्रायटन या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला आठवावा. तेथील ट्रायकॉनेक्स सुरक्षा-नियंत्रकावर (धोका दिसताच प्रकल्प सुरक्षितपणे बंद करणाऱ्या उपकरणावर) किल्लीने फिरवायचा स्विच होता, आणि तो 'रन' स्थितीत असता तर नेटवर्कवरून त्यात नवा प्रोग्रॅम चढवणे रोखले गेले असते. पण तो 'प्रोग्रॅम' स्थितीतच ठेवलेला होता. हल्ला उघडकीस आला तोही (हे विशेष) त्याच नियंत्रकाच्या रचनेमुळे: समांतर चालणाऱ्या प्रोसेसरांमधील पडताळणी जुळली नाही आणि यंत्रणेने प्रकल्प बंद पाडला.

सिक्युअर बूटचेही तसेच. २०२३ मध्ये समोर आलेल्या ब्लॅकलोटस या घातक सॉफ्टवेअरने वापरलेली त्रुटी मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्येच दुरुस्त केली होती. परंतु वैध स्वाक्षरी असलेल्या जुन्या बूट-फाइली रद्द यादीत (संगणकाने स्वीकारू नयेत अशा फाइलींच्या यादीत) घातलेल्या नसल्यामुळे हल्लेखोर त्या सोबत आणत आणि अद्ययावत संगणकही त्या मुकाट्याने स्वीकारत. म्हणून खरेदीच्या निविदेत 'टीपीएम २.० आवश्यक' एवढे लिहून भागत नाही; रद्द यादी कोणी आणि किती दिवसांत अद्ययावत करायची, आणि पाळी बदलताना स्विचची किल्ली कोणाच्या ताब्यात राहणार, हेही त्यात यायला हवे.