कपाटाची किल्ली कुणाकडे?

शाळेत रोबॉटिक्सचा संघ काढायचा म्हटलं की काही भोळे लोक आधी मुलं शोधायला निघतात. इथेच घोळ होतो. आधी कपाट शोधा. काचेचं, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचं, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याच्या डोळ्यांत भरेल असं. कुलूप मजबूत हवं. मुलांचं काय, ती दरवर्षी नवी येतातच.

कपाट आलं की किट घ्या. घ्यायचं तर सगळ्यात महागडं, म्हणजे कुणाला हात लावू न द्यायला आयतं कारण मिळतं. फीत कापा, फोटो काढा आणि त्याच दिवशी कुलूप घाला. वापरलेल्या किटमधले बारीक भाग हरवतात. न वापरलेल्या किटमधला एक स्क्रूही हरवल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवाय धीर धरलात तर वस्तूला पुरातत्त्वाचं मोल येतं. रोबो बनवायच्या किटांची लेगोची माइंडस्टॉर्म्स मालिका १९९८ साली आली आणि २०२२ च्या अखेरीस बंदही झाली. तिचे न फोडलेले संच ज्या शाळांच्या कपाटांत आहेत, त्यांनी आता रोबॉटिक्सचा नाद सोडून सरळ संग्रहालय काढावं. एक तेवढं पथ्य पाळा: लिथियमची बॅटरी रिकामी होऊन महिनोन्महिने पडून राहिली की कामातून जाते, कधी फुगतेही, आणि फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नसते. अर्थात कपाट उघडलंच नाही तर हाही प्रश्न उरत नाही.

आता संघ. गणितात सर्वांत जास्त गुण मिळवणारी मुलं घ्या. बंद पडलेला पंखा उघडून बसणारा, सायकलची उतरलेली चेन स्वतः चढवणारा असा कुणी वर्गात असेल, तर त्याला मागच्या बाकावरच राहू द्या. त्याचे हात काळे असतात आणि फोटोत ते दिसतात. मुली घ्याव्याच लागतात, नाहीतर अहवालात बरं दिसत नाही. त्यांना फाइल आणि पोस्टर द्या. अक्षर चांगलं असतं ना! स्क्रू ड्रायव्हर मुलग्यांकडे द्या. तिथून तो यथावकाश कुणाच्या तरी वडिलांकडे जातो.

या वडिलांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. प्रत्येक संघाला असे एक वडील लागतातच. ते इंजिनिअर असतात, किंवा इंजिनिअर व्हायचं राहून गेलेलं असतं; दुसरा प्रकार जास्त कामसू. "मी फक्त बघतो हां," म्हणत ते खुर्ची पुढे ओढतात. दहा मिनिटांनी रोबो त्यांच्या मांडीवर असतो आणि पोरं मागे उभी राहून मोबाइलचा टॉर्च धरतात. रात्री अकरा वाजता संघाच्या ग्रुपवर त्यांचा निरोप येतो, "आज मुलांनी कमाल केली!" हे असंच चालू द्या. मुलं स्वतः करायला लागली की चुकतात, चुकण्यात वेळ जातो, आणि चुकण्याचा तास वेळापत्रकात नाही.

ही टूम निघाली कुठून, असं कुणी विचारलं तर माहीत असावं. डीन केमेन या संशोधकाने १९८९ साली अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची तिची पहिली स्पर्धा झाली. मुलांनी इंजिनिअरांच्या खांद्याला खांदा लावून काम करावं आणि खेळाडूंना मिळतात तशा टाळ्या त्यांनाही मिळाव्यात, अशी मूळ कल्पना. आपण त्यातल्या टाळ्या तेवढ्या घ्याव्यात. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी त्यात 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम'ची भर घातली. म्हणजे जिंकायला जीव तोडून झटा, पण शेजारच्या संघाचा चार्जर घरी राहिला असेल तर आपला काढून द्या. याचं पोस्टर फार सुंदर होतं. चार्जर मात्र दप्तराच्या तळाशी ठेवा.

तांत्रिक बाजूचा बाऊ करू नका. एकच सूत्र लक्षात ठेवा: काहीही मोजायचं नाही.

समजा, चार पेन्सिल सेल लावले. झाले ६ व्होल्ट. एल२९८एन नावाचा जो मोटर ड्रायव्हर (बॅटरीची वीज मोटरींना सोडणारी पट्टी) नवशिके हमखास आणतात, तो त्यातले दोनेक व्होल्ट वाटेतच खातो. मोटरपर्यंत जेमतेम ४ पोचतात. (वरून निघालेला निधी आणि खाली पोचलेला निधी यांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.) त्यात दोन्ही मोटरी एकदम सुटल्या की करंट उसळतो, व्होल्टेज कोसळतं आणि त्याच सेलांवर चालणारा बोर्ड, म्हणजे रोबोचा मेंदू, रीसेट होतो. मग प्रोग्राम पहिल्यापासून, मोटरी पुन्हा सुटतात, बोर्ड पुन्हा झोपतो. बघणाऱ्याला रोबो जागच्या जागी उचक्या देताना दिसतो. अगदी आरंभशूर! व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला तर दोन मिनिटांत कळेल, आणि ग्राउंड, म्हणजे ऋण टोकाची जोडणी, एकच ठेवून बोर्डाला वेगळी बॅटरी दिली तर बहुधा थांबेलही. पण मग "प्रोग्राममध्येच काहीतरी आहे" म्हणत चार शनिवार घालवायचे ते कसे घालवणार?

अंतरही मोजू नका. "दोन सेकंद पुढे जा" एवढंच लिहा. ताज्या बॅटरीवर रोबो भिंतीला धडकेल, उतरलेल्या बॅटरीवर अर्ध्या वाटेत थांबेल. त्याऐवजी चाकाचे फेरे मोजायला सांगितलंत तर भलतंच होतं. ५६ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात सुमारे १७६ मिलिमीटर जातं, म्हणजे मीटरभर जायला साधारण ५.७ फेरे, हे पोरं आपलं आपण काढतात आणि 'पाय'ची (π) किंमत परीक्षेबाहेरही लागते अशी अफवा शाळाभर होते.

रेषेवरून चालणारा रोबो असेल तर सराव कायम त्याच खोलीत, पडदे ओढून, त्याच ट्यूबलाइटखाली करा. सेन्सर परतून येणारा उजेड मोजतो आणि स्पर्धेच्या हॉलमधला उजेड निराळा असतो. तिथे पोचल्यावर पांढऱ्यावर एकदा, काळ्यावर एकदा आकडा बघून मधला आकडा प्रोग्राममध्ये घालायला मिनिटभर पुरतं. ते मिनिट मुख्याध्यापकांच्या प्रोत्साहनपर चार शब्दांना द्या. प्रोग्रामच्या फाइलींना 'फायनल', 'फायनल२', 'खरंफायनल' आणि 'काकांचं' अशी नावं असावीत. चालणारी यातली कुठली, हे स्पर्धेच्या टेबलाशी ठरवायचं.

स्पर्धेच्या दिवशी तशी चिंता नाही. 'फर्स्ट'च्याच 'फर्स्ट लेगो लीग' या शाळकरी स्पर्धेतली रोबोची फेरी अडीच मिनिटांची असते. एवढा वेळ कोणीही हसतमुख राहू शकतं. धोका परीक्षकांच्या खोलीत असतो, कारण तिथे उत्तरं मुलांनीच द्यायची असतात. मी ज्या संघाचा मार्गदर्शक म्हणवून घेत होतो, त्याची गोष्ट सांगतो. परीक्षक बाईंनी रोबो उलटा केला, चाकाजवळच्या गिअरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे हा मोठा का?" चौघा हुशार मुलांनी एकदम दाराकडे पाहिलं. दाराबाहेर काका काचेतून हातवारे करत होते. तेवढ्यात फाइलवाल्या मुलीने पानं उलटली.

"आधी दोन्ही सारखे होते. उतारावर रोबो मागे यायचा, सात वेळा आला. मग मोटरला १२ दातांचा लावला आणि चाकाला ३६ चा. वेग तिसऱ्या हिश्शावर आला, पण चढला."

"छान. हे कुणी सुचवलं?"

ती जरा थांबली. खोटं बोलायचं प्रशिक्षण आम्ही दिलं नव्हतं, ही आमचीच चूक. "काकांनी," ती म्हणाली. "पण सात वेळा मागे आला ते मी मोजलं."

म्हणून सांगतो, फाइल कुणाला द्यायची याचा नीट विचार करा. फाइल लिहिणाऱ्याला सगळं बघावं लागतं, आणि बघणारं पोर पुढे प्रश्न विचारतं.

स्पर्धा संपली की रोबो पुसून परत कपाटात ठेवा, प्रमाणपत्र शेजारी उभं करा. दोन दिवसांनी ती मुलगी येईल आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते म्हणून विचारेल. सांगू नका. मी सांगितलं होतं. सोमवारी पाहुणे आले म्हणून कपाटापाशी गेलो, तर काचेआड रोबोच्या पोटातल्या सगळ्या वायरी बाहेर, चाकं एका डब्यात, आणि प्रमाणपत्राला टेकवून ठेवलेला कागद. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "डावी मोटर उजवीपेक्षा हळू फिरते. मोजणं चालू आहे. कृपया काकांना हात लावू देऊ नये."