चिलटांचं आजारपण

केळ्यांच्या घडावर घिरट्या घालणारं चिलट मारायला एक टाळी पुरते. त्याच चिलटाला ठरलेल्या जंतूनं, ठरलेल्या मात्रेत आजारी पाडायचं आणि ते कितव्या तासाला दगावलं हे वहीत लिहायचं म्हटलं, की भली भली माणसं मेटाकुटीला येतात. कारण चिलटाला मरायला शंभर निमित्तं असतात आणि आपल्याला त्यातलं एकच चालतं. उरलेल्या नव्व्याण्णवांपासून त्याला जपत बसणं, यालाच आम्ही संसर्गाचा प्रयोग म्हणतो.

एवढा खटाटोप कशासाठी, ते एकदा सांगून टाकतो. ड्रोसोफिला मेलानोगास्टर ही माशी, म्हणजे हेच चिलट, 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून 10 दिवसांत उडायला लागते. तिच्या अंगात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होत नाहीत, ती लढते ती निव्वळ जन्मजात प्रतिकारशक्तीवर. रंगचाचणीवरून जंतूंचे ग्राम-निगेटिव्ह आणि ग्राम-पॉझिटिव्ह असे गट पाडतात. ग्राम-निगेटिव्ह जंतू शिरले की मुख्यतः ‘इम्ड’ नावाची यंत्रणा जागी होते, बुरशी किंवा बरेचसे ग्राम-पॉझिटिव्ह जंतू आले की ‘टोल’. टोल बिघडलेल्या माश्या बुरशीपुढे कशा पटापट मान टाकतात, हे 1996 साली ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं आणि 2011 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. सगळं मान्य. पण ती प्रयोगशाळा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला होती, आमची बेळगावात. स्ट्रासबर्गला आषाढ नसतो.

सुरुवात माश्यांच्या स्वयंपाकापासून. 1 लिटर पाण्याला 8 ग्रॅम अगार (निवल्यावर घट्ट करणारी भुकटी), 70 ग्रॅम मक्याचं पीठ, 60 ग्रॅम गूळ आणि 20 ग्रॅम सुकं यीस्ट. गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचं, 60 अंशांपर्यंत निवू द्यायचं आणि मग बुरशी रोखायला 4 मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल आणि अल्कोहोलात विरघळवलेलं 1 ग्रॅम निपाजिन घालायचं. उकळत्यात घातलं तर औषध वाफेबरोबर निघून जातं आणि खोकला आपल्याला लागतो. फार निवल्यावर घातलं तर अगार पातेल्यातच थिजतं आणि व्हायलीत, म्हणजे माश्या ठेवायच्या काचेच्या छोट्या बाटलीत, ओतायला काही उरत नाही.

यातला गूळ आणि पीठ रविवार पेठेत मिळतं, पण मागायचं कसं हा प्रश्न असतो. पिवळाधमक गूळ हायड्रॉस हे रसायन मारून उजळलेला असू शकतो, म्हणून आम्हाला काळपट ढेप हवी आणि अख्ख्या प्रयोगाला पुरेल एवढी एकाच घाण्यातली हवी. खाणं बदललं की माश्यांचं मरणही बदलतं. “एवढा काळा कशाला ओ? खरं पोळीला पिवळाच बरा,” असं दुकानदार काळजीनं सांगतो. त्यापुढे पिठाची चौकशी: ह्याच्यात पोरकिडे होतात का? तो दुखावतो, आमच्याकडे असला माल नसतो म्हणतो. आम्हाला नेमका तोच माल पाहिजे असतो. धान्याला कीडनाशक लागलेलं असेल तर त्याचा उरलासुरला अंश माश्यांना पुरतो, आणि मग कुठलाही जंतू न देता रोग्यांची रांग लागते. पोरकिडा जिवंत फिरतोय हे आमच्या लेखी पिठाचं प्रमाणपत्र. हे गल्ल्यावर उभं राहून कुणाला समजावून सांगता येत नाही.

आता आषाढ. ओतलेल्या व्हायली मलमलीच्या फडक्याखाली रात्रभर सुकायला हव्यात, मग कापसाचा बोळा. बेळगावच्या जुलैमध्ये रात्रभरात काहीही सुकत नाही, धुतलेला रुमालसुद्धा नाही. काचेच्या आतून पाणी ओघळतं, माशी उतरते, पंख चिकटतात, संपलं. पंखा लावा, खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र ठेवा, व्हायलीत फिल्टर पेपरची पट्टी खोचा. पंखा जोरात लावला की अगार कडेनं सुटतं आणि माशी त्या फटीत जाऊन मरते. फडकं काढून सुकवण्याचा मोह मात्र आवरावा. गुळाच्या वासावर बाहेरचं चिलट येतं, अंडी घालून जातं, आणि पांढऱ्या डोळ्यांच्या उत्परिवर्तित वाणात अचानक लाल डोळ्यांची प्रजा दिसू लागते. पांढरे डोळे अप्रभावी, लाल प्रभावी, त्यामुळे एका उनाड पाहुण्यानं वाणाची वाट लागते आणि म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला साठा केंद्राला पुन्हा पत्र जातं. नवा वाण आला की त्याला दोन पिढ्या वेगळं ठेवायचं, कारण सोबत कोळीकिडे येऊ शकतात. एका व्हायलीत आले की हळूहळू कपाटभर होतात.

इतकं करून रात्री पहारेकरी काका डास चावतात म्हणून दाराशी कॉइल लावतात. त्यातलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक आमच्या माश्यांनाही लागतं. काकांना डासांच्या तोंडी देणं बरं नाही, म्हणून जाळी बसवा. माझं स्पष्ट मत आहे की माश्यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या आधी जाळीला मंजुरी मिळाली पाहिजे. तिसरं संकट वीज. पावसात ती जाते, उष्मायन कपाट गार पडतं, जंतूही मंदावतात, माशीही मंदावते आणि मृत्यूचा आलेख कुणीतरी ओढून लांब केल्यासारखा दिसतो. एप्रिलमध्ये उलटं: 30 अंशांच्या आसपास नर निर्बीज होऊ लागतात आणि पुढची पिढीच येत नाही. थोडक्यात, धोंड्याच्या महिन्यातल्या जावयाचे होणार नाहीत एवढे लाड करून माशी पाच दिवसांची, धडधाकट, पोटभर जेवलेली झाली, की मग तिला सुई टोचायची.

जंतू आदल्या संध्याकाळी लावायचे. स्युडोमोनास एरुजिनोसा असेल तर प्लेटवरची एकच वसाहत (जंतूंचा एक ठिपका) उचलून एलबी या जंतू वाढवायच्या रसात, 37 अंशांना, रात्रभर हलत्या यंत्रावर. सकाळी सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरागरा फिरवून, तळाचा साका घ्यायचा आणि 600 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात गढूळपणा मोजून हवा तेवढा पातळ करायचा. दाट मिश्रण तसंच मोजलं तर यंत्र कमी आकडा दाखवतं, म्हणून 10 पट पातळ करून मोजायचं आणि मग गुणायचं. गुणायचं राहून गेलं की माशीला दहापट मात्रा मिळते, आणि दुपारच्या चहाच्या आतच सगळ्या गेल्या हा काही शोध नव्हे.

माशी कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर झोपवायची, दहा मिनिटांच्या आत काम उरकायचं. नर-मादी वेगळे करायचे: नराच्या पोटाचं टोक काळं आणि बोथट, पुढच्या पायांवर बारीक कंगवा. टोचायची जागा छातीच्या कडेला, पंखाच्या मुळाखाली. 0.1 मिलिमीटर जाडीची टाचणी साक्यात बुडवायची, टोक आत गेल्याचं बोटाला कळतं न कळतं तोच बाहेर काढायची. जरा जास्त रेटली की ती पलीकडून निघते आणि आपण कीटकसंग्रहालय सुरू करतो. प्रत्येक माशीला सुई नव्यानं बुडवायची. आणि क्रम चुकवायचा नाही: आधी निर्जंतुक द्रावणाची टोचणी घेणारा गट, मग जंतूंचा. उलटं केलं तर तुलनेसाठी ठेवलेला निरोगी गटच आधी आटोपतो. टोचून झालेली व्हायल आडवी ठेवायची, नाहीतर गुंगीत असलेली माशी खाण्यावर पडून चिकटते.

माश्या 37 अंशांवर फार तग धरत नाहीत, म्हणून पुढचा मुक्काम 29 अंशांवर. एका व्हायलीत 20, अशा तीन. पहिल्या दोन-तीन तासांत मेलेल्या माश्या सुईच्या खात्यावर, त्या हिशोबातून वजा. त्यानंतर ठरावीक अंतरानं मोजणी, मध्यरात्रीसुद्धा. बाहेर धो-धो पाऊस, हातात टॉर्च, आणि समोर एक माशी पाय वर करून पडलेली. टिचकी मारली की उठून चालू लागते. तिच्याकडे बघून खोडलेला आकडा पुन्हा लिहायचा. पहाटेपर्यंत ती खरोखर जाते. व्हायल बदलताना एखादी उडून गेली तर ती मेली असं धरायचं नाही, जगली असंही धरायचं नाही. संख्याशास्त्रात तिला वेगळी खूण असते, वहीत मात्र तिच्यापुढे माझ्या तोंडून निघालेला शब्द लिहिता येत नाही.

अंगात जंतू किती वाढले हे बघायचं तर एक माशी अल्कोहोलात बुडवून धुवायची, 250 मायक्रोलिटर द्रावणात प्लास्टिकच्या बत्त्यानं चिरडायची, 10-10 पट पातळ करत प्लेटवर थेंब टाकायचे. दुसऱ्या सकाळीच वसाहती मोजून मोकळं व्हायचं. प्लेट आणखी दोन दिवस पडली की माशीच्या पोटातले घरचेच जंतू उगवतात आणि मोजणारा त्यांचीही जनगणना करून बसतो.

काम झालेल्या व्हायली उणे 20 अंशांना रात्रभर गोठवून मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबावर निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांना 20 मिनिटं. उडालेल्यांसाठी कोपऱ्यात सापळा: वाटीत व्हिनेगर, त्यात साबणाचा एक थेंब, म्हणजे माशी पृष्ठभागावर टिकत नाही, बुडते. सकाळी चिमट्यानं एकेक काढून भिंगाखाली बघायची. पांढऱ्या डोळ्यांची निघाली तर आमची, नोंद करून टाकायची. लाल डोळ्यांची निघाली तर ती आमच्या निरोगी गटातली, आजारी गटातली, की शेजारच्या परसातल्या पिकल्या फणसावरून आलेली, यावर चहा गार होईपर्यंत वाद चालतो.