जरा बाजूला व्हा

चेंगडूच्या ताईकू ली बाजारात परवा एका म्हाताऱ्याने मला कावळा हाकलावा तसं हाकललं. ‘हुश’ तेवढं म्हणाला नाही. म्हणाला असेल तर ते चिनीत.

मुलाची नोकरी तिथे, म्हणून आम्ही तिथे, एवढं पुरे. ताईकू ली हा मॉल आहे, पण मॉल म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटते. हजार वर्षांहून जुन्या दाचि मंदिराला वेढून बुटकी घरं, उतरती राखाडी छपरं, खोल वळचणी, दगडी गल्ल्या. त्यातल्या सहा वास्तू खरोखर जुन्या, बाकी सगळं म्हातारपण 2015च्या सुमाराचं. भिंतींच्या जागी काच आणि काचेमागे एकेक पर्स अशी, की तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं. (ते झालेलं नाही. कंत्राटदार फोन उचलत नाही. असो.)

तर म्हातारा. घडीचं स्टूल, हातभर लेन्स, गळ्यात थर्मास. इथे नटूनथटून चालणाऱ्या पोरींचे फोटो टिपणाऱ्यांचा राबताच असतो. आमच्या हिने नेमकी नारायणपेठी नेसलेली. याने तिच्याकडे पाहून अंगठा उंचावला आणि माझ्याकडे पाहून हात झटकला. मी दोन पावलं सरलो. अजून. अजून! शेवटी मी एका खांबामागे. ही मात्र पदर सावरून गल्लीत चालू लागली. पुन्हा मागे, पुन्हा चाल. एरवी ‘भाजीला चल’ म्हटलं की हिचे गुडघे दुखतात.

ह्युएन त्संगाने 622 साली याच चेंगडूत पूर्ण दीक्षा घेतली; या दाचि मंदिरातच, असंही सांगतात. पुढे तो महाराष्ट्रात आला आणि आपल्याबद्दल लिहून गेला: हे लोक अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, पण आधी शत्रूला तशी सूचना देतात. मी सूचना दिली. शुद्ध मराठीत, आवाज चढवून. म्हातारा प्रसन्न हसला, आणि गळ्यातला थर्मास काढून माझ्या हातात दिला. वर पिशवीही.

अडल्याला मदत करताना हे लोक स्वतःला विसरतात, असंही त्याच भिक्षूने लिहिलंय. तेवढं लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

शेजारच्या इमारतीवर 15 मीटरचा पांडा चढतोय. रस्त्यावरून त्याचं फक्त ढुंगण दिसतं, आणि त्याच्याखाली लोक फोटोसाठी ताटकळतात. ढुंगणाला कुणी बाजूला व्हा म्हणत नाही.

मग म्हाताऱ्याने हिला कॅमेऱ्यात फोटो दाखवले. सुंदरच होते, नाही कशाला म्हणू. एकात खांबाआडून माझं कोपर आलं होतं. त्याने बोट ठेवून ते मला दाखवलं, जीभ चुकचुकली आणि फोटो पुसून टाकला.

ही म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.”