दहा मिनिटांची सोपी वाट

माथेरानमध्ये एखादे ठिकाण किती लांब आहे, हे सांगणाऱ्याच्या धंद्यावर ठरते. घोडेवाल्याला विचारावे, तर लुईझा पॉइंट पनवेलच्या हद्दीत असावा असे वाटू लागते. चिक्कीच्या दुकानदाराला विचारावे, तर "हे काय, शार्लोट तलावाच्या पुढे, दहा मिनिटे, अगदी सोपी वाट" असे उत्तर येते, कारण आपण लवकर परतून त्याची चिक्की घ्यावी अशी त्याची इच्छा असते. मी बावन्न वर्षांचा, बँकेच्या खुर्चीत बसून पोट कमावलेला गृहस्थ. मी दुकानदारावर विश्वास ठेवला.

वास्तविक त्या दिवसापुरते चालून झालेले होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे माथ्यावरचे रान हेरले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर आली. मोटार मात्र आजही दस्तुरी नाक्यावर, देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी काढून ठेवावी लागते. तिथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर आम्ही बॅगा घेऊन रुळांच्या कडेने तुडवले. आता ई-रिक्षा आल्या आहेत, पण "एवढ्याशा अंतराला रिक्षा कशाला?" असे मीच म्हणालो होतो. रुळांखालचे स्लीपर अशा बेताने टाकलेले आहेत की एकेकावर पाय ठेवावा तर नव्या नवरीसारखे चालावे लागते, आणि एक गाळून ढांग टाकावी तर पँटची शिवण धोक्यात येते.

म्हणूनच बाजारात सौभाग्यवती म्हणाली, "अहो, उगाच हट्ट नको. सरळ दोन घोडे करू." मी तिला जंगल पायांनी अनुभवण्याचे महत्त्व समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकले आणि जाऊन-येऊनचे भाडे ठरवून एकच घोडा केला.

माथेरानची माती म्हणजे जांभ्याचा लाल भुगा. तो पावसाळ्यात चिखल होऊन बुटाला धरतो आणि डिसेंबरात धूळ होऊन नाकात शिरतो. घोडा पुढे आणि नवरा मागे अशी रचना असली, की धुळीचा हिशेब करावा लागत नाही. पहिल्या वळणापर्यंत माझे पांढरे बूट विटकरी झाले. दुसऱ्या वळणावर घोडा दिसेनासा झाला आणि मी प्रथमच जंगल पाहिले. ते खरोखर सुंदर आहे. जांभळी आणि अंजनीच्या फांद्या डोक्यावर अशा गुंतलेल्या आहेत की भर दुपारीही उन्हाचे कवडसेच तेवढे खाली पोहोचतात. शेकरू दिसेल या आशेने मी मान वर करून उभा राहिलो. दिसले नाही, पण मान वर असल्याचा फायदा माझ्या मागच्या माकडाने घेतला.

लाल तोंडाचे ते माकड माझी पिशवी घेऊन समोरच्या दगडावर बसले. घाई मुळीच नव्हती. त्याने डबा उघडला, दोन्ही गूळपोळ्या हुंगून मांडीशी ठेवल्या, लसणीच्या चटणीच्या पुडीचा वास घेतला, तोंड वाकडे केले आणि पुडी माझ्या दिशेने भिरकावली. ती खिशात घालून मी पुढे निघालो. पुढच्या प्रवासात माझ्याजवळ खाण्याजोगे एवढेच होते.

दहा मिनिटे संपून बराच वेळ लोटल्यावर पिसारनाथाचे देऊळ आले. ग्रामदैवताला मी दोन्ही हात जोडले, पण मागितले फक्त गुडघ्यांसाठी. शार्लोट तलावापाशी "अजून किती?" असे विचारले, तेव्हा सरबतवाला म्हणाला, "दहा मिनिटे." हे दुकानदाराचे मेहुणे असावेत.

लुईझा पॉइंटवर समोर प्रबळगड उभा होता आणि अलीकडे सौभाग्यवती उभी होती. बसायला दगड असूनही ती उभी होती, याचे मला नवल वाटले. एक म्हातारी तिखटमीठ लावलेल्या काकडीच्या फोडी विकत होती; डोंगराखालच्या वाडीतून ती रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन वर चढून येते, असे तिने सांगितले. माझ्या बुटांकडे पाहून ती म्हणाली, "दमलास काय रं बाबा? सोपी तर वाट हाय." मी मुकाट्याने दोन काकड्या घेतल्या आणि त्यांना खिशातली चटणी लावली.

परतताना सौभाग्यवतीच्या उभे राहण्याचा उलगडा झाला. "मी त्या घोड्यावर पुन्हा बसणार नाही," ती कंबर धरून म्हणाली. "हाडे खिळखिळी झाली. मी चालत येते." घोड्याचे परतीचे पैसे मात्र दिलेले होते, आणि बँकेतल्या माणसाला दिलेले पैसे फुकट घालवता येत नाहीत. घोडेवाल्याने मला खालून रेटून वर चढवले.

अशा रीतीने संध्याकाळी भर बाजारपेठेत मी घोड्यावर आणि मागून धुळीने माखलेली, लंगडणारी बायको अशी आमची वरात शिरली. चिक्कीचा दुकानदार पायरीवर आला. त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि एक खुर्ची बाहेर आणून म्हणाला, "बसा वहिनी, बसा." नंतर त्याने चिक्कीचा भाव तिलाच सांगितला.