ब्रेमेन चौकातून रागावून लिहिणाऱ्या करदात्यास

नमस्कार.

पुण्याच्या भगिनी शहरांवर, म्हणजे जर्मनीतलं ब्रेमेन, अमेरिकेतलं सॅन होजे, जपानचं ओकायामा अशा मैत्रीचं नातं जोडलेल्या परदेशी शहरांवर, मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक करदाता’ या नावानं तुमची प्रतिक्रिया आली आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भगिनी शहर म्हणजे नगरसेवकांच्या परदेशवारीला दिलेलं सोज्वळ नाव. एवढ्या वर्षांत पुणेकराच्या पदरात पडलं काय, तर औंधात एक ब्रेमेन चौक आणि सिंहगड रस्त्यावर एक जपानी बाग. आणि घरासमोरचा खड्डा बुजत नाही तिथं सॅन होजेच्या गप्पा कशाला? शेवटी ‘लेखकमहाशयांना पुढच्या शिष्टमंडळात जागा हवी आहे का’ असा टोमणाही आहे. त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. मला कुणी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

दौऱ्यांवरून तुमच्याशी भांडायची माझी इच्छा नाही. तिकडच्या महापौरांना पगडी घालायची, तिकडून एक चकचकीत ढाल घ्यायची, फोटो काढायचे आणि परत आल्यावर पाहिलं काय याचं एक पानही लिहायचं नाही, असा अभ्यास दौरा कुठल्याही महापालिकेचा असो, तो सहलच. माझ्या मते नियम साधा हवा. परतल्यावर महिन्याभरात ज्याचा अहवाल संकेतस्थळावर दिसणार नाही, त्याच्याकडून तिकिटाचे पैसे वसूल करावेत. पण दौरे वाईट म्हणून नातंच नको, ही तुमची उडी मला पटत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. तेव्हा भगिनी शहरं काही नाहीशी झाली नाहीत. ब्रेमेनमध्ये पुण्याशी मैत्री जपणारी नागरिकांची संघटना आहे, ती आपल्या मुख्य सभेच्या ठरावावर जगत नाही.

तुमचा दुसरा मुद्दा, ‘मिळालं काय’. यात तुम्ही नोकऱ्या आणि कारखाने मोजताय, आणि दुर्दैवानं समारंभात भाषण करणारेही तेच मोजतात. सॅन होजेशी आपलं नातं १९९२ सालचं, म्हणून पुण्यात आयटी आली, असं व्यासपीठावरून ऐकलं की मला हसू येतं. आपली मुलं तिकडे गेली ती स्वतःच्या गुणपत्रिकेवर आणि व्हिसावर. कारखान्यांचं गणित तर त्याहून गमतीचं आहे. मर्सिडीजचं माहेर श्टुटगार्ट. ते १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर, आणि कारखाना आहे आपल्या चाकणला. मर्सिडीजचा एक मोठा कारखाना ब्रेमेनमध्येही आहे, पण म्हणून ती चाकणला आली असं कुणी म्हणू नये. उद्योग जमीन, बंदर, कामगार आणि सवलती पाहून येतात. या हिशेबानं बघितलं तर तुमचं बरोबर आहे, हाती शून्य.

पण हा हिशेब मुळात या कल्पनेचा नव्हताच. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री उद्ध्वस्त केलं. पुढे सोव्हिएत रशियातलं स्टालिनग्राड तसंच भाजून निघत असताना कॉव्हेंट्रीतल्या आठशेहून अधिक बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामात उमटवली आणि तो तिकडे पाठवला. १९४४ मध्ये ही दोन शहरं जोडली गेली. आधुनिक काळातल्या पहिल्या काही जोड्यांपैकी ही एक. कॉव्हेंट्रीनं पुढे, १९५९ मध्ये, जर्मनीतल्या ड्रेस्डेनशीही नातं जोडलं. तेही बॉम्बनी भाजलेलं शहर, फक्त बॉम्ब दोस्त राष्ट्रांचे. सारख्या संकटातून गेलेल्यांनी एकमेकांना शोधावं, एवढाच मूळ विचार. व्यापार नंतर घुसला.

आता बागेकडे येतो, कारण तुम्ही तिला ‘एक बाग’ म्हणून झटकून टाकलंत.

पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, दहा एकरांत आहे. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या तिथल्या सरंजामदारानं करवून घेतली आणि १७०० साली ती पुरी झाली. जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. फारसं कुणाला ठाऊक नसतं ते पुढचं. ओकायामा हे सॅन होजेचंही भगिनी शहर आहे, १९५७ पासून, आणि सॅन होजेच्या केली पार्कमध्ये १९६५ साली जी जपानी बाग झाली तीही कोराकुएनवरूनच बेतलेली. म्हणजे एका आईच्या दोन मुली, एक कॅलिफोर्नियात आणि एक आपल्या सिंहगड रस्त्यावर.

या तिघींचं पाण्याशी काय नातं आहे ते बघा. कोराकुएन आसाही नदीच्या पात्रातल्या बेटावर आहे. १९३४ च्या पुरानं तिची दाणादाण उडवली, १९४५ मध्ये बॉम्ब पडले, आणि जुनी चित्रं व आराखडे समोर ठेवून ती पुन्हा उभी केली गेली. सॅन होजेची बाग कायोटी क्रीकच्या काठाला. २०१७ च्या पुरात तीही बुडाली. आपल्या बागेत खळाळतं ते मुठेच्या कालव्याचं पाणी, आणि तोच कालवा २७ सप्टेंबर २०१८ ला तिथून जवळच फुटला आणि दांडेकर पूल परिसरातल्या वस्तीत घुसला.

सॅन होजेचा तो पूर जरा सविस्तर सांगतो. शहराच्या वर अँडरसन धरण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते भरून सांडव्यावरून वाहू लागलं, आणि २१ तारखेला कायोटी क्रीकचं पाणी वस्त्यांत शिरलं. सुमारे १४ हजार लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं. अनेकांना पूर आल्याचं कळलं ते अग्निशमन दलाची बोट दारात आल्यावर. धरण एका जलप्राधिकरणाच्या ताब्यात आणि माणसं महापालिकेच्या हद्दीत; इशारा या दोघांच्या मधे कुठेतरी अडकला. हे अपयश आहे असं तिथल्या महापौरांनी जाहीरपणे मान्य केलं. पुढे दोन्ही यंत्रणांनी बसून एकत्र आपत्कालीन आराखडा केला.

आता २५ जुलै २०२४ आठवा. पुण्याच्या वरच्या खडकवासला धरणातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात, पहाटेची वेळ, आणि सिंहगड रस्त्यालगत मुठेकाठच्या एकता नगरीत माणसं झोपेतून उठतात ती घरात शिरलेल्या पाण्यात. धरण जलसंपदा विभागाचं, माणसं महापालिकेची, आणि लोकांची तक्रार तीच: आम्हाला वेळेत कुणी सांगितलं नाही. तुमच्या खड्ड्यांच्या प्रश्नाला सॅन होजेकडे उत्तर आहे की नाही ते राहू द्या, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः सोसून शोधलेलं आहे. विसर्ग किती झाला की कुणी कुणाला फोन करायचा, तो फोन गल्लीपर्यंत किती मिनिटांत पोचायचा, हे त्यांच्या आराखड्यातून समजून घ्यायला विमान लागत नाही. दोन्हीकडच्या आपत्ती व्यवस्थापनातली चार-चार माणसं संगणकासमोर बसली तरी पुरे. वेळेची अडचण आहे, इकडे सकाळ तेव्हा तिकडे रात्र. तेवढी सोसावी.

ओकायामाकडून शिकण्यासारखी गोष्ट जास्त कडू आहे. जुलै २०१८ च्या पावसात त्या प्रांतातल्या कुराशिकी शहराचा माबी हा भाग बुडाला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली, बहुतेक म्हातारी. पाणी कुठवर येईल याचा नकाशा तिथल्या पालिकेनं आधीच काढून ठेवलेला होता, आणि पाणी जवळजवळ त्या नकाशाबरहुकूम आलं. पण अनेक घरांनी तो मनावरच घेतला नव्हता. आपल्याकडे पूररेषेचे नकाशे बांधकाम परवानगीच्या भांडणात बाहेर येतात, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कधी लागत नाहीत. ब्रेमेन मुसळधार पावसात कुठं पाणी साचेल याचे नकाशे नागरिकांपुढे ठेवतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुरानं जे केलं ते पाहिलेल्या अरण्येश्वर-सहकारनगरच्या लोकांना असा नकाशा कशाला लागतो, हे समजावून सांगायची गरज नाही.

त्यामुळे तुम्ही ‘नाती तोडा’ म्हणता, मी म्हणतो नवी जोडणं थांबवा. यादी वाढवण्यात कुणाचंच भलं नाही, आणि आहेत त्यांच्याशी बोलायला आपल्याकडे एवढा मोठा विषय पडलेला आहे. ब्रेमेन चौकाच्या पाटीवर तुमचा राग का आहे ते मला कळतं, तिथल्या सिग्नलला मीही थांबतो. पण पुढच्या वेळी एखाद्या शिष्टमंडळाची बातमी वाचलीत, तर खर्चाचा आकडा माहितीच्या अधिकारात मागाच, आणि त्याच अर्जात दुसरा प्रश्न घाला: या शहरांच्या पूर यंत्रणेशी पुण्याचा पत्रव्यवहार झालाय का, झाला असल्यास प्रती द्या. अर्ज एप्रिलमध्ये टाका. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे धरणं भरायच्या आत काहीतरी हातात येईल.